सकाळी नऊ ते दुपारी एक : बांगलादेशात मुलं का बुडतात

बांगलादेशातल्या खेड्यात घरालगत 'पुकुर', म्हणजे तळं, असतंच. पुराचं पाणी घरात शिरू नये म्हणून शेजारची माती काढून जोतं उंच करतात आणि त्या खड्ड्यात पाणी साठतं. अंघोळ, भांडी, मासे, सगळं तिथेच. एक ते चार वर्षांची मुलं बहुतेक याच पाण्यात बुडतात, घरापासून वीस मीटरच्या आत आणि सकाळी नऊ ते एकच्या दरम्यान. त्या वेळी आई चुलीपाशी असते, वडील शेतावर, थोरली भावंडं शाळेत. या वयात धडाच्या मानाने डोकं जड असतं. मूल पाण्यावर वाकलं की तोल जातो, आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर ओरडता येत नाही.

हे मृत्यू बरीच वर्षं आकडेवारीत उमटलेच नाहीत. बुडालेलं मूल दवाखान्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथल्या नोंदवहीत अतिसार आणि न्यूमोनियाच दिसायचे. 2003 च्या पाहणीत आठ लाखांवर लोकांची माहिती घरोघर जाऊन घेतली, तेव्हा वर्षाला सुमारे 17,000 मुलं बुडून दगावतात असं निघालं. लशी आणि मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवलेलं मूल तळ्यात जात होतं.

दिवसभर वापरातल्या तळ्याला कुंपण घातलं तरी फाटक उघडंच राहतं. म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी पाण्याऐवजी त्या धोक्याच्या चार तासांवर पहारा बसवला. 'आंचल' हे वस्तीतलंच पाळणाघर. आठवड्यातले सहा दिवस, नऊ ते एक, वीस-पंचवीस मुलं, त्यांना सांभाळणारी गावातलीच 'आंचल मा' आणि एक मदतनीस. अशा मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू सुमारे 80 टक्क्यांनी घटले. इतक्या साध्या उपायाचा एवढा परिणाम क्वचितच दिसतो. चार वर्षांवरच्या मुलांना तळ्यातच बांबूचा मांडव बांधून पोहणं शिकवतात : 25 मीटर पोहणं, 30 सेकंद तरंगणं, आणि बुडणाऱ्यासाठी उडी न मारता काठावरून बांबू पुढे करणं. 2022 मध्ये सरकारने 16 जिल्ह्यांत अशी 8,000 पाळणाघरं मंजूर केली.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून गरगर फिरवणं किंवा त्याचं पोट दाबणं ही चूक तिकडेही होते, आपल्याकडेही. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न उलटून फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. मेंदूला प्राणवायू हवा असतो. श्वास चालत नसेल तर मूल कडक जमिनीवर उताणं ठेवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने 30 दाब आणि पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवायचं.

महाराष्ट्रात हा धोका शेततळ्यात आहे. उताराच्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तिथे भोवती जाळी हवीच. शिवाय चारही बाजूंना बांधावर पक्के खुंटे ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडावेत. उन्हाने दोर कुजतात, तेव्हा दर उन्हाळ्यात ते ओढून तपासावेत.