अक्षरावरचे टिंब

पावसाळ्यात ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करण्याची मोहीम निघते, कारण तेवढ्याशा साचलेल्या पाण्यातही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या वाढतात. डास चावल्यानंतरची लढाई मात्र पेशीच्या आत होते आणि ती बऱ्याच अंशी टिंबांची असते.

डेंग्यूच्या विषाणूचा जनुकीय मजकूर म्हणजे सुमारे 10,700 अक्षरांचा, आरएनए या रेणूचा एकच धागा. आपल्या पेशीत प्रथिने बनवण्याचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएची (एमआरएनए) अक्षरेही तीच चार. मग परका ओळखायचा कसा? ‘वदन’ आणि ‘वंदन’ यांत जसा एका टिंबाचा फरक, तसेच मिथिलसारखे चिमुकले रासायनिक गट आरएनएच्या अक्षरांवर बसून त्याचा अर्थ बदलतात. अशा बदलांचे दीडशेहून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत.

पेशी आपल्या संदेशाच्या टोकाला एक ‘टोपी’ चढवते आणि टोपीलगतच्या पहिल्या अक्षराच्या शर्करेवर मिथिल गट बसवते. तो नसेल, तर आयएफआयटी-1 हे प्रथिन त्या टोकाला चिकटते आणि त्यावरून प्रथिने बनणे थांबते. डेंग्यूची लबाडी इथेच आहे: त्याचे एनएस-5 प्रथिन आरएनएच्या प्रती काढते आणि वर हे टिंबही स्वतःच देते. करोनाविषाणू तेच काम एनएसपी-16 कडून करून घेतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही टिंब देण्याची क्षमता हिरावलेला डेंग्यू विषाणू उंदरांत व माकडांत दुबळा ठरला, तरी त्याने प्रतिकारशक्ती मात्र चांगली जागवली.

कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये हीच युक्ती उलटी वापरली. चार अक्षरांपैकी युरिडीनऐवजी त्याचेच किंचित बदललेले रूप, स्युडोयुरिडीन, घातलेला आरएनए पेशीच्या पहारेकऱ्यांना फारसा खुपत नाही, हे त्यांनी दाखवले. पुढे एमआरएनए लशी त्यावर उभ्या राहिल्या आणि 2023 चे नोबेल मिळाले. (आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या त्या प्रकारच्या लशी नव्हेत.)

मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट वेगळीच. विषाणूविरुद्ध हाकाटी करणाऱ्या इंटरफेरॉनच्या संदेशावरही पेशी स्वतः मिथिलची टिंबे देते आणि त्यांमुळे तो संदेश लवकर मोडीत निघतो. म्हणजे लढाई पेटवणारी पेशी तिला लगामही घालते. ही टिंबे देणारे मेटल-3 हे प्रथिन अडवले, तर इंटरफेरॉनचा संदेश अधिक काळ टिकतो; पण तेच प्रथिन पेशीच्या इतर हजारो संदेशांवरही टिंबे देत असते.