कमी वजनाच्या बाईला आखूड, मऊ स्की?
‘वजन कमी आहे ना, मग हनुवटीपर्यंतची मऊ स्की घ्या’ हा सल्ला बर्फावर स्कीइंग करणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षे मिळतो. नवशिकीसाठी ठीक, वेगाने उतरणाऱ्या कसलेल्या बाईसाठी साफ चुकीचा. आखूड, मऊ स्की वेगात थरथरते आणि कडक बर्फावर तिच्या कडेची पकड सुटते. अशा बाईने साधारण आपल्या उंचीच्या आसपासची स्की पाहावी. टोके वर उचललेली असतील तर थोडी लांबही चालते, कारण बर्फाला टेकणारी लांबी कमीच असते. वजनाचा खरा संबंध ताठपणाशी आहे. धातूचे दोन पूर्ण थर असलेली स्की वाकवायला ५० किलोचे शरीर अनेकदा कमी पडते. लाकडी गाभा आणि धातूचा एकच थर मला जास्त योग्य वाटतो. ‘लेडीज’ शिक्क्यावर मात्र विसंबू नका. बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीचा) आकडासुद्धा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो, स्त्री की पुरुष यावरून नाही.