लाल चकतीनंतरची बारा वर्षं: रॉबर्ट कोझेन्योव्स्कीच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९९२. बार्सिलोना ऑलिंपिकमधली ५० किलोमीटर चालण्याची शर्यत संपत आली होती. पोलंडचा २४ वर्षांचा रॉबर्ट कोझेन्योव्स्की दुसऱ्या क्रमांकावर होता. साडेतीन तासांहून जास्त वेळ तो चालत होता. मोंजुइक टेकडीवरचं स्टेडियम समोर दिसत होतं आणि रौप्यपदक जवळजवळ हातात आलं होतं. स्टेडियमच्या तोंडाशीच त्याला लाल चकती दाखवली गेली. बाद. इतके तास चाललेलं सगळं अंतर त्या क्षणी निकालातून पुसलं गेलं.

हा प्रसंग समजायचा तर या खेळाचा नियम नीट पाहावा लागतो. अटी दोनच आहेत. एक तरी पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं. आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत तो गुडघा ताठ हवा. रेस वॉकर कमरेतून इतके हेलकावे घेत का चालतात, याचं उत्तर या अटींमध्येच आहे: गुडघा वाकवून किंवा उडी घेऊन वेग वाढवता येत नाही, मग पावलाची लांबी कमरेतून काढावी लागते. वाटेवर उभे असलेले पंच हे सगळं नुसत्या डोळ्यांनी पाहतात, कॅमेऱ्याची मदत नाही. आधी पिवळी चकती दाखवून ताकीद देतात. तिच्यावर नागमोडी रेघ असेल तर पाय जमिनीवरून सुटतोय, कोनाची खूण असेल तर गुडघा वाकतोय. आणि त्या काळी तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड लिहिलं की लाल चकती दाखवून खेळाडूला बाद केलं जाई. वेगवान कॅमेऱ्यात पाहिलं तर अव्वल खेळाडूंचेही दोन्ही पाय क्षणभर हवेत दिसतात. म्हणून नियमातच म्हटलं आहे की, माणसाच्या डोळ्याला दिसेल तोच दोष. हे अनेकांना अन्यायाचं वाटतं. मला वाटतं, या खेळाची सगळी कसोटी तिथेच आहे. शरीर थकून पळायला सांगत असतं, तेव्हाही चालत राहायचं.

ही शर्यत आली इंग्लंडमधून, तिथल्या पैजेच्या लांब चालींमधून. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉर्ज लार्नरने चालण्याची दोन्ही सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा अंतरं होती ३,५०० मीटर आणि १० मैल. ५० किलोमीटरची शर्यत १९३२मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. ती जिंकणारा ब्रिटनचा थॉमस ग्रीन तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि लहानपणी मुडदूस झाल्यामुळे पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला चालताच येत नव्हतं. २० किलोमीटर १९५६मध्ये मेलबर्नला आली. १९७६चा अपवाद सोडला तर पुढे टोकियो ऑलिंपिकपर्यंत दोन्ही अंतरं कायम राहिली.

बार्सिलोनानंतर कोझेन्योव्स्की मागे हटला नाही. १९९५च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, १९९६मध्ये अटलांटाला ५० किलोमीटरचं ऑलिंपिक सुवर्ण: ३ तास ४३ मिनिटं ३० सेकंद, रशियाच्या मिखाईल श्चेन्निकोव्हच्या फक्त १६ सेकंद पुढे. १९९७मध्ये तो जगज्जेता झाला, १९९८मध्ये युरोपचा विजेता. एकदा तंत्रापायी पदक गमावलेल्या माणसाची चाल पुढे तंत्रशुद्धतेसाठीच नावाजली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग सिडनी ऑलिंपिक, २२ सप्टेंबर २०००. २० किलोमीटरच्या शर्यतीत मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला आला, कोझेन्योव्स्की दुसरा. सेगुराचा जल्लोष झाला, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन आला, आणि तो फोनवर बोलत असतानाच त्याला सांगण्यात आलं की तिसरं लाल कार्ड पडलं आहे. सुवर्ण कोझेन्योव्स्कीचं झालं. ज्या नियमाने आठ वर्षांपूर्वी त्याला स्टेडियमच्या दारातून परत पाठवलं, त्याच नियमाने हे पदक त्याच्याकडे आलं. सेगुरावर त्या क्षणी काय गुदरलं असेल, हे त्या स्टेडियममध्ये कोझेन्योव्स्कीइतकं कोणाला कळणार? सहा दिवसांनी महिलांच्या २० किलोमीटरमध्ये आघाडीवर असलेली ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिलही, घरच्या प्रेक्षकांचा आवाज कानावर येत असताना, स्टेडियमच्या तोंडाशीच बाद झाली.

महिलांच्या या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी कोझेन्योव्स्की ५० किलोमीटरला उतरला आणि तीही शर्यत जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये २० आणि ५० किलोमीटर दोन्ही जिंकणारा तो पहिलाच.

यानंतरची वर्षं त्याच्या वेगाची होती. २००१मध्ये एडमंटनला पुन्हा जागतिक सुवर्ण, २००२मध्ये म्युनिकला ३:३६:३९चा विश्वविक्रम, २००३मध्ये पॅरिसला तोही मोडून ३:३६:०३. म्हणजे दर किलोमीटरला साधारण ४ मिनिटं १९ सेकंद, सलग ५० वेळा. हौशी धावपटूंना एवढ्या वेगाने दहा किलोमीटर पळताना धाप लागते. हा माणूस गुडघा ताठ ठेवून, चालत, मॅरेथॉनच्याही पुढे गेला. २००४मध्ये अथेन्सला ३६व्या वर्षी त्याने ५० किलोमीटरचं सलग तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. एकूण चार. तिथेच तो थांबला.

विश्वविक्रम पुढे मोडला गेला, फ्रान्सच्या योहान दिनीझने २०१४मध्ये तो ३:३२:३३वर नेला. सिडनीची दुहेरी कामगिरी मात्र आता कोणाला करताच येणार नाही. ऑलिंपिकमध्ये महिलांची ५० किलोमीटर शर्यत कधी झालीच नाही, आणि स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा समसमान करताना पुरुषांचीही बंद केली गेली. पॅरिस २०२४मध्ये तिच्या जागी मिश्र रिले आली. ५० किलोमीटरची शेवटची ऑलिंपिक शर्यत टोकियो स्पर्धेत, उकाडा टाळण्यासाठी साप्पोरोला हलवून, ऑगस्ट २०२१मध्ये झाली. ती जिंकली दाविद तोमालाने. तोही पोलंडचाच.