जिप्सममधील भूलभुलैया गुहा : तळातून चढणाऱ्या पाण्याच्या सिद्धांताची पार्श्वभूमी

जिप्सम हे खनिज पुण्यात घरोघरी ठाऊक आहे, मात्र वेगळ्या नावाने. ते साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्या पुडीला पाणी मिळाले की तिचे पुन्हा जिप्सम होते. पीओपीची गणेशमूर्ती बादलीत दिवसेंदिवस तशीच राहते, याचे कारण जिप्सम पाण्यात विरघळतच नाही हे नव्हे. एका लिटर पाण्यात ते सुमारे २.५ ग्रॅम विरघळते. पण २० लिटरच्या बादलीत ५० ग्रॅम उतरले की पाणी संपृक्त होते आणि विरघळणे थांबते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत ही अडचण ओलांडते, कारण तीत जिप्समचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट यांत होते. निसर्गात मात्र संपृक्त पाणी बाहेर पडून त्याच्या जागी ताजे पाणी येत राहिले, तरच जिप्सम झिजत राहते. हे ताजे पाणी कोणत्या बाजूने येते, या एका प्रश्नाभोवती जिप्सममधील भूलभुलैया गुहांचा वाद फिरत राहिला.

या वादाची मुख्य भूमी म्हणजे पश्चिम युक्रेनचा पोडिलिया हा प्रदेश. तेथे सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वीचा, १० ते ४० मीटर जाडीचा जिप्समचा थर आहे. त्याच्या खाली वाळू, वालुकाश्म आणि चुनखडीचा जलधर, म्हणजे भूजल साठवणारा आणि वाहू देणारा थर, वर चुनखडीचा पातळ थर आणि त्याच्याही वर चिकणमातीचे जाड आवरण, अशी तेथील रचना आहे. १९६६ मध्ये ल्विव्हच्या गुहासंशोधकांनी शोधलेली ऑप्टिमिस्टिच्ना ही गुहा याच थरात असून तिच्या मोजलेल्या वाटांची लांबी २५० किलोमीटरहून अधिक भरते. जिप्सममधील ही जगातील सर्वांत लांब गुहा. पुण्याहून कोल्हापूर गाठता येईल एवढी ही वाट दोन-तीन चौरस किलोमीटरांच्या जमिनीखाली गुंडाळलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कोड्याचे स्वरूप स्पष्ट होते. नदीला उपनद्या मिळाव्यात तशा येथील वाटा एका मुख्य वाटेला मिळत नाहीत. त्या जाळ्याच्या धाग्यांसारख्या एकमेकींना छेदत जातात आणि त्यांची रुंदीही बरीचशी सारखी असते.

आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये असे काही घडत नाही, कारण तो पाण्यात अशा रीतीने विरघळत नाही. पुणे परिसरातील पाताळेश्वर काय किंवा कार्ल्याचे लेणे काय, ती छिन्नीची कामे आहेत.

गुहा कशा होतात याचे जुने उत्तर साधे होते : पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, वाटेत खडक विरघळवते आणि नदीला जाऊन मिळते. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १९३० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, चुनखडीतील गुहा भूजलपातळीच्या खाली खोलवर तयार होतात असे मांडले, आणि भूशास्त्रज्ञ जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९४२ मध्ये गुहांच्या भिंतींवरील खुणांवरून त्या मताला बळ दिले. तरीही जाळे का होते, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. पाणी अनेक भेगांतून वाहू लागले की जी भेग थोडी आधी रुंदावते तिच्यात जास्त पाणी जाते, म्हणून ती आणखी रुंदावते आणि बाकीच्या मागे पडतात. ही शर्यत एकीनेच जिंकायची, तर शेकडो भेगा बरोबरीने कशा वाढल्या?

अमेरिकी भूशास्त्रज्ञ आर्थर पामर यांनी १९७५ मध्ये या प्रश्नाची अट नेमकी सांगितली. सर्व भेगांना सारखे पाणी मिळाले तरच जाळे होते. एक तर पुराचे पाणी जोराने सगळीकडे घुसले पाहिजे, किंवा वरच्या सच्छिद्र वालुकाश्मातून ते सगळ्या भेगांत सावकाश, सारखे पाझरले पाहिजे. पोडिलियाच्या गुहांबाबत मात्र त्या काळी आडव्या प्रवाहाचे स्पष्टीकरण रूढ होते, म्हणजे पाणी एका नदीच्या खोऱ्याकडून शेजारच्या खोऱ्याकडे जिप्सममधून झिरपत गेले, असे. त्यात अडचण मोठी होती. जिप्सम इतक्या चटकन विरघळते की अरुंद भेगेत शिरलेले पाणी थोड्याच अंतरात संपृक्त होते आणि पुढची लांबलचक भेग अरुंदच राहते.

कीव्हचे गुहाशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्लिमचूक यांनी १९९० च्या दशकात ही अडचण दिशा बदलून सोडवली. पाणी आडवे नव्हे तर उभे गेले, आणि तेही खालून वर. ज्यांनी बोअर घेतली आहे त्यांना दाबाखालच्या पाण्याची ओळख असते : पाणी लागते खोल, पण नळीत ते त्या पातळीच्या बरेच वर येऊन थांबते. पोडिलियात जिप्समखालच्या जलधरातील पाणी असेच दाबाखाली होते आणि नदीखोऱ्यांच्या दिशेने वर चढू पाहत होते. जिप्सममधून त्याला जेमतेम १० ते ४० मीटरच जायचे असल्याने ते संपृक्त होण्याआधी वर पोहोचू शकत होते. शर्यतही आपोआप आवरली जात होती, कारण एखादी भेग कितीही रुंदावली तरी तिच्यातून जाणारे पाणी वरच्या, कमी पाझरणाऱ्या थरांच्या विरोधाने मर्यादितच राहत होते आणि मागे पडलेल्या भेगांना वाढायला अवधी मिळत होता. पामर यांची अट पाळली गेली, पण पाणी छतातून न येता तळातून आले. शिवाय जिप्समच्या थरात खालच्या आणि वरच्या पातळीवरील भेगा एकमेकींच्या रेषेत नसल्याने, वर जाणारी भेग सापडेपर्यंत पाण्याला मधल्या पातळीवर आडवे पसरावे लागते. भूलभुलैयातील वाटा एकावर एक अशा मजल्यांत का असतात, याचे कारण माझ्या मते यात सर्वांत चांगले उलगडते.

पुरावा भिंतींवरच होता. वाटांच्या तळाशी आणि बाजूंना खालून पाणी आणणारी छिद्रे, त्यांच्यापासून वर चढणाऱ्या पन्हाळी, छतातील अर्धनळ्या आणि घुमट ही साखळी गुहेमागून गुहेत दिसते. जिप्सम विरघळलेले पाणी जड होऊन खाली बसते आणि ताजे, हलके पाणी छताला लागून वर सरकते. छत कोरले जाते ते त्यामुळे. झोलूश्का गुहेने तर जवळपास ताजी साक्ष दिली. युक्रेन आणि मोल्दोव्हा यांच्या सीमेवर जिप्समची खाण कोरडी ठेवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर भूजल उपसले जाऊ लागले, आणि १९७० च्या दशकात गुहासंशोधक आत शिरले तेव्हा काही दशकांपूर्वीपर्यंत पाण्याने भरलेली सुमारे ९० किलोमीटरांची वाट हळूहळू उघडी झाली. वाहत्या ओढ्याने तिचे मूळ आकार पुसलेले नव्हते.

२००३ मध्ये स्टेफेन बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिरूपांतून तळातून वर जाणाऱ्या पाण्याने जिप्सममध्ये वाटा कशा वाढतात हे तपासले. २००७ मध्ये क्लिमचूक यांनी हाच विचार चुनखडीतील अनेक गुहांना लावला. तेथे मात्र तो प्रत्येक गुहेबाबत सर्वांना पटलेला नाही.

पोडिलियातील बहुतेक मोठ्या गुहा आज कोरड्या आहेत, कारण डनिस्टर आणि तिच्या उपनद्यांनी आपली पात्रे जिप्समपर्यंत कापत नेली आणि दाब संपला. पश्चिमेला, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याकडे, तोच थर अजून खोल गाडलेला असून पाणी दाबाखाली आहे. तेथे सूक्ष्मजीवांनी जिप्सममधील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड आणि त्यापासून गंधकाचे साठे तयार केले. हे गंधक काढण्यासाठी याव्होरिव्हजवळच्या उघड्या खाणीतून भूजल उपसले गेले, तेव्हा ताजे पाणी जिप्समकडे अधिक वेगाने ओढले जाऊन आसपासच्या जमिनीला ठिकठिकाणी खड्डे पडू लागले. खाण बंद झाल्यावर ती पाण्याने भरून टाकण्यात आली असून आज तेथे तलाव आहे.