शोभिवंत माशांच्या आहारातील जीवनसत्त्वे

काचेच्या टाकीत किंवा हौदात पाळलेल्या माशांची वाढ, रंग, अंडी आणि पिल्लांचे तगणे यांसाठी खाद्यातून मिळावी लागणारी सूक्ष्म पोषकद्रव्ये. मत्स्यपोषणशास्त्रात एकूण १५ जीवनसत्त्वे धरतात. अ, ड, ई व के ही चार चरबीत विरघळतात, उरलेली अकरा पाण्यात. या अकरांत ब गटातली आठ, क जीवनसत्त्व, कोलीन आणि इनॉसिटॉल येतात. मत्स्यपोषणतज्ज्ञ जॉन हॅल्व्हर यांनी १९५७ साली अमेरिकेत चिनूक सामन माशांची पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची गरज प्रयोगांतून मांडली. गप्पी, एंजल किंवा डिस्कस यांच्या खाद्याचे प्रमाण ठरवताना आजही बऱ्याचदा सामन, कार्प, तिलापिया अशा खाण्याच्या माशांचेच आकडे आधाराला घेतले जातात.

तळ्यातला मासा शेवाळ, डाफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे जीव), डासांच्या अळ्या असे दिवसभर काही ना काही टिपत असतो, त्यामुळे एका खाद्यातली उणीव दुसऱ्यातून भरून निघते. टाकीतल्या माशाला मात्र डब्यातून पडेल तेवढेच. गोल्डफिश व कोई ज्या कुळातले, त्या कार्पच्या आतड्यातले जीवाणू ब-१२ तयार करतात, म्हणून त्याची वेगळी चिंता करावी लागत नाही. क जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते तयार करण्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) बहुतेक अस्थिमत्स्यांच्या शरीरात नसतेच.

क जीवनसत्त्वाच्या उणिवेची खूण कण्यात दिसते. हाडे, कूर्चा व त्वचा यांना धरून ठेवणारे कोलॅजन त्याच्याशिवाय नीट पक्के होत नाही. दोन-तीन आठवड्यांची पिल्ले वरून पाहावीत. निरोगी पिल्लाची पाठ शेपटीपर्यंत सरळ जाते, बाधित पिल्लाची मध्येच एका बाजूला वळलेली असते आणि पोहताना त्याला सारखा तोल सावरावा लागतो. हाड एकदा वाकडे घट्ट झाले की पुढे कितीही चांगले खाद्य दिले तरी ते सरळ होत नाही. अर्थात प्रत्येक वाकड्या पाठीचा दोष खाद्यावर टाकू नये. गप्पींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचाच संकर केल्याने किंवा माशांच्या क्षयरोगानेही कणा वाकतो. वाढीपुरते पाहिले तर बहुतेक माशांना किलोभर खाद्यात २५ ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, पण प्रजननाच्या मादीला आणि जखमी माशाला याहून जास्त लागते.

प्रजननाच्या बाबतीत पाळणारे नेमके इथेच चुकतात: पिल्ले झाल्यावर त्यांच्या खाद्याकडे लक्ष देतात, मादीच्या आधीच्या आहाराकडे नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिले काही दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगते आणि त्या बलकातली जीवनसत्त्वे आईने अंडे भरताना साठवलेली असतात. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्ले देते, तरी त्यांचे बरेचसे पोषण बलकातूनच होते. म्हणून आज सुधारलेल्या खाद्याचा खरा परिणाम बहुधा पुढच्या वेतात दिसतो. डिस्कसची पिल्ले पोहायला लागल्यावर आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपतात, म्हणजे पालकांच्या पोषणाचे महत्त्व तिथे अंडी फुटल्यावरही संपत नाही.

ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली उंदरांच्या वंध्यत्वाचा अभ्यास करताना लागला. ‘टोकोफेरॉल’ या नावातला ग्रीक ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म. अंड्यात आणि शुक्रपेशींत असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ती लवकर खवट होतात. ई जीवनसत्त्व त्यांना जपते. ते कमी पडल्यास अंडाशयाची वाढ खुंटते, अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्याचे प्रमाण घटते आणि स्नायू झिजतात. खाद्यात माशाचे तेल जितके जास्त, तितकी याची गरज वाढते.

ऑस्कर, अरोवाना अशा मांसाहारी माशांना रोज जिवंत गोल्डफिश खायला घालण्याची पद्धत सोडून द्यावी. गोल्डफिशच्या शरीरात थायामिनेज हे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. शिकारी माशाचे पोट भरलेले दिसते, पण पुढे त्याची भूक मंदावते, तोल जातो, झटके येतात. गोठवल्याने हे विकर मरत नाही, उकळल्याने मरते.

अ जीवनसत्त्वाची उणीव डोळ्यांवर व वाढीवर उठते, तर अतिरेकाने कण्यात व्यंग येते. चरबीत विरघळणारे असल्याने ते यकृतात साठत जाते, म्हणून जीवनसत्त्वांच्या टॉनिकचे थेंब अंदाजाने वाढवणे घातक आहे.

क आणि ब गटातली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळून जातात. खाद्याचा कण जितका बारीक, तितका हा ऱ्हास झपाट्याने होतो आणि सर्वांत बारीक खाद्य तर पिल्लांनाच लागते. त्यामुळे चिमूटभर, पण अनेकदा घालावे. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल खाद्य बनवताना व साठवताना लवकर नासते, म्हणून चांगल्या खाद्यात त्याचे फॉस्फेट जोडलेले टिकाऊ रूप वापरतात. दुकानात उघड्या बरणीतून पारदर्शक पिशवीत तोलून दिलेले सुटे खाद्य स्वस्त पडते, पण त्याला उजेड, हवा आणि दमट पावसाळा सगळे लागलेले असते. पिशवी उघडताच खवट वास आला, तर त्यातले ई जीवनसत्त्व बहुतांशी खर्ची पडले आहे असे समजावे आणि ते खाद्य प्रजननाच्या जोडीला तरी घालू नये.