जिल्हा परिषद शाळा, महाराष्ट्र : निधी आणि गुणवत्ता

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडून चालवल्या जाणाऱ्या सार्वजनिक शाळा. बहुतेक शाळा पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतच्या, काही सातवी-आठवीपर्यंतच्या, तर थोड्या ठिकाणी माध्यमिक वर्गही आहेत. राज्यभरातील त्यांची संख्या सुमारे 60 हजार आहे. प्राथमिक शाळेत फी नसते. पाठ्यपुस्तके आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. बोलीभाषेत ही ‘झेडपीची शाळा’, जुन्या लोकांच्या तोंडी नुसती ‘मराठी शाळा’. जिल्हा परिषद ही शाळांची मालक असली तरी तिजोरीची नाही. शिक्षक किती हवेत, कोण हवेत आणि त्यांचा पगार किती, हे राज्य ठरवते. योजनांचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात. गळके छत मात्र जिल्ह्याच्या आणि गावाच्या वाट्याला येते. या शाळांच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा गुरुजींपासून सुरू होते आणि गुरुजींपाशीच संपते, ती या रचनेकडे न पाहता.

पूर्वपीठिका

ग्रामीण शाळेचा खर्च कोणी उचलायचा हा वाद एकोणिसाव्या शतकातला आहे. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ उपकर बसला आणि त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. म्हणजे खेड्यातली शाळा शेतकऱ्याच्याच पैशावर उभी राहिली. जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके यावरच बोट ठेवले : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाच्या रूपाने तो वरच्या वर्गांवर खर्च होतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, त्यावर अधिक खर्च करा, शिक्षकांचे पगार वाढवा, या त्यांच्या मागण्या आजही शिळ्या वाटत नाहीत.

1884 च्या कायद्याने ग्रामीण शाळा लोकल बोर्डांकडे आल्या. 1923 आणि 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यांनी त्या स्कूल बोर्डांच्या अखत्यारीत गेल्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात आणि विदर्भ मध्य प्रांतात असल्याने तिथली व्यवस्था वेगळी होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार 1961 चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या. पुढे 2000 नंतर शाळा नसलेल्या वाड्या-पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. कालांतराने त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. आज ‘इतक्या लहान शाळा कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की त्यांतल्या बऱ्याच शाळा सरकारनेच समजून-उमजून मुलांच्या दारात नेल्या होत्या.

कारभार

जिल्हा पातळीवर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटाला (तालुक्यातल्या शाळांच्या एका गटाला) विस्तार अधिकारी आणि दहा-पंधरा शाळांच्या केंद्राला केंद्रप्रमुख अशी उतरंड आहे. निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती आणि तिचा सभापती हे लोकप्रतिनिधींचे अंग. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका रखडल्या. त्यामुळे पुढची काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते आणि सेसच्या (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीच्या) पैशातून कोणत्या शाळेला काय द्यायचे, हे अधिकारीच ठरवत होते. गावात शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा करणे आणि अनुदानावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी बैठकीचे इतिवृत्त आधी आणि बैठक नंतर असा प्रकार होतो; पण जिथे समिती जागी आहे तिथे शाळेचा नूरच पालटतो.

पैसा कोठून येतो

खर्चाचा सर्वांत मोठा वाटा वेतनाचा. तो राज्य शासनाच्या अनुदानातून येतो आणि ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतून वितरित होतो. दुसरा स्रोत समग्र शिक्षा. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण एकत्र करून ही योजना तयार झाली. महाराष्ट्रात तिचा भार केंद्र आणि राज्य 60:40 प्रमाणात उचलतात. दुपारच्या आहाराचे (2021 पासून नाव ‘पीएम पोषण’) प्रमाणही साधारण तेच. तिसरा स्रोत जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी, म्हणजे सेस. जमीन महसुलावरचा उपकर आणि मुद्रांक शुल्कातला वाटा यांतून तो जमतो. शहरालगतच्या, जमिनीचे व्यवहार जोरात असलेल्या जिल्ह्याचा सेस आणि डोंगराळ आदिवासी जिल्ह्याचा सेस यांची तुलनाच होत नाही. वर्गखोल्यांच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे हात पसरावा लागतो. मोडकळीस आलेली खोली आधी ‘निर्लेखित’, म्हणजे कागदोपत्री वापरातून बाद, व्हावी लागते, मगच ती पाडून नवी बांधता येते. या कागदी प्रवासात मुले व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात बसतात.

शाळेच्या हातात थेट खर्चायला येते ते संयुक्त शाळा अनुदान. त्याचे दर पटावर, म्हणजे दाखल मुलांच्या संख्येवर, ठरतात. समग्र शिक्षेच्या सुधारित निकषांत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000 आणि त्यापुढे 75,000 ते एक लाख अशी चढण आहे. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. उरलेल्या रकमेत खडू, फळ्याचा रंग, रजिस्टरे, वीजबिल, नळदुरुस्ती, इंटरनेट, राष्ट्रीय सणांचा खर्च. वीस मुलांच्या शाळेला याप्रमाणे महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये पडतात, तर तिथल्या दोन नियमित शिक्षकांचा मिळून पगार सहज लाखाच्या घरात जातो. ‘एका मुलावर सरकार इतका खर्च करते’ असा आकडा काढून खाजगी शाळेच्या फीशी ताडून पाहणारे लोक ही फोड सांगत नाहीत. पैसा नाही असे नाही. शाळेला स्वतःच्या गरजेनुसार वापरता येईल असा पैसा नाही. त्यात अनुदान बऱ्याचदा वर्ष सरताना पदरात पडते आणि 31 मार्चच्या आत ते खर्ची घालावे लागते. बिल थकल्याने शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या येतात त्या यातूनच. डिजिटल वर्गाचा संच कपाटात आणि मीटर बंद, ही विसंगती गावोगावी दिसते.

काही लाभ तर काळाने गिळले आहेत. 1992 मध्ये दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तेव्हा त्या रुपयाला बाजारात किंमत होती. पुढची तीन दशके दर तोच राहिला. गणवेशाचा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा आहे. दोन गणवेशांसाठी प्रत्येक मुलामागे 600 रुपये शाळा व्यवस्थापन समितीला मिळत. 2024-25 मध्ये खरेदी राज्य पातळीवर एकवटली. गणवेश उशिरा आले, मापे जुळली नाहीत, आणि त्याच वर्षाअखेर हा अधिकार पुन्हा समित्यांकडे द्यावा लागला. गावातला शिंपी मंत्रालयापेक्षा मापे नीट घेतो, हे कळायला एक शैक्षणिक वर्ष गेले.

पटाचे गणित

अनुदान पटावर, शिक्षक पटावर, आणि शाळेचे अस्तित्वही पटावर. दरवर्षी 30 सप्टेंबरच्या पटसंख्येवरून ‘संच मान्यता’ होते, म्हणजे किती पदे मंजूर ते ठरते. अलीकडे आधार पडताळणी झालेली मुलेच त्यात धरली जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक स्तरावर 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद 150 च्या वर. त्यामुळे 61 व्या मुलाचे मोल मोठे असते. एखादे कुटुंब पुण्या-मुंबईकडे निघाले की एक गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित होतात. मेमध्ये गुरुजी-मॅडम घरोघर फिरून दाखलपात्र मुले शोधतात, पहिलीच्या मुलांची बैलगाडीतून मिरवणूक काढतात. यात हौस असते, तसा पद वाचवण्याचा हिशेबही असतो.

द्विशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यायच्या. त्यातला एक मुख्याध्यापकाचा प्रभारी, म्हणजे बैठका, ऑनलाइन माहिती, आहाराचा साठा आणि टपाल त्याच्याकडे. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामे सोडून इतर अशैक्षणिक काम देऊ नये असे कायद्याचे कलम 27 सांगते, पण माहितीचे रकाने भरण्याला कोणते कलम लावायचे हे कोणी ठरवलेले नाही.

पट घसरला की शाळाच धोक्यात येते. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याला जोरदार विरोध झाला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार पुढे आला. त्या वेळी अशा शाळा पावणेपंधरा हजारांच्या आसपास आणि त्यांतली मुले सुमारे 1 लाख 85 हजार होती. पानशेत आणि तोरणमाळ ही नमुन्याची ठिकाणे. मोठ्या शाळेत इयत्तेला शिक्षक, ग्रंथालय आणि खेळाचे मैदान मिळते हे खरे. पण ओढा, घाट आणि जंगल ओलांडून रोज गाडी येईल याची हमी कोण देणार, हा प्रश्न मुलींच्या बाबतीत जास्त बोचतो. प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत हवी, हा राज्याचाच नियम आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर त्या वर्गांना शिक्षकाचे पद मिळणे अवघड झाले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

मुले काय शिकतात

शिकण्याचा स्तर दाखवणारी सर्वांत चर्चेतली पाहणी म्हणजे प्रथम संस्थेची ‘असर’, 2005 पासून. ती शाळेत न जाता घरी जाऊन मुलांना मजकूर वाचायला आणि गणिते सोडवायला सांगते. देशपातळीवर सरकारी शाळांतील तिसरीची दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले 2018 मध्ये 20.9 टक्के होती, 2022 मध्ये 16.3 पर्यंत घसरली आणि 2024 मध्ये 23.4 वर आली. महाराष्ट्रातही कोरोनाकाळाने वाचनाला मोठा फटका दिला. गंमत म्हणजे त्याच काळात सरकारी शाळांकडे ओढा वाढला : ग्रामीण महाराष्ट्रात 6 ते 14 वयोगटातील या शाळांतल्या मुलांचे प्रमाण 2018 च्या 61.6 टक्क्यांवरून 2022 मध्ये 67.4 झाले. ही वाढ गुणवत्तेची पावती नव्हती. रोजगार गेल्याने खाजगी इंग्रजी शाळेची फी परवडेना, हे त्यामागचे मोठे कारण होते.

2014 ते 2018 या काळात मात्र शाळांच्या कामगिरीत खरोखर हालचाल दिसली. साताऱ्यातील कुमठे बीटाच्या शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याची, पद्धत अवलंबली. फरशीवर आखलेले तक्ते, बिया-काड्या-मणी, गटात बसलेली मुले असे त्याचे रूप होते. राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला येऊ लागले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले. शिक्षक एकमेकांकडून शिकत होते तोवर ते जिवंत राहिले. पुढे ‘शाळा प्रगत’ अशी घोषणा करण्याचे उद्दिष्ट आले आणि बऱ्याच ठिकाणी रंगवलेल्या फरशाच तेवढ्या उरल्या. त्यानंतर निपुण भारत अभियानातून तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्के करण्यावर भर आला.

शाळेच्या हातातल्या पैशाची चणचण काही गावांनी लोकवर्गणीने भरून काढली. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा गावकऱ्यांनी दिलेली जमीन आणि कंपन्यांचे साहाय्य यांतून नावारूपाला आली. माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामासह 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटली. अशा शाळांची उदाहरणे मंत्र्यांच्या भाषणात हमखास येतात. पण वर्गणी देणारे गाव आधीच थोडेफार सधन किंवा रस्त्यालगतचे असते. नंदुरबारच्या पाड्याने वर्गणी कोणाकडे मागायची? शिवाय शाळा एका शिक्षकाभोवती उभी राहिली तर बदलीची यादी तिला हलवू शकते. 2017 पासून बदल्या ऑनलाइन झाल्या, शिफारशींचा बाजार बराच आवरला आणि ‘अवघड क्षेत्रा’त काढलेल्या वर्षांना वजन आले, पण चांगली जमलेली घडीही त्यात मोडते.

ज्यांच्याकडे आकडे नीट पोचतच नाहीत ती मुले ऊसतोड मजुरांची. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पटावर मूल असते, वर्गात नसते. साखरशाळा (कारखान्याजवळच्या हंगामी शाळा), गावातली हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक (स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत बसता यावे म्हणून मुलाला दिलेले कार्ड) असे उपाय झाले. वसतिगृहाचा निधी कोयता चालू होण्याआधी मिळाला तर मूल आजीजवळ गावात राहते, नाहीतर फडावर जाते.

शिक्षकांची भरती हा आणखी एक ताण. 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली : तीन वर्षे मानधनावर काम, मग नियमित वेतन. प्राथमिकचे मानधन 3,000 रुपयांपासून सुरू झाले, दीर्घकाळ 6,000 वर अडले आणि 2023 पासून 16,000 झाले. 2013 पासून पात्रता परीक्षा आणि पुढे ‘पवित्र’ पोर्टल यांमुळे भरतीतला पैशाचा खेळ कमी झाला, तरी भरतीची फेरी कधी निघेल याचा भरवसा नसतो.

खाजगी शाळांशी असलेली स्पर्धा न्यायालयापर्यंतही पोचली. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. यामुळे सरकारी शाळांचा पट वाढेल असा त्यामागचा होरा होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ही दुरुस्ती रद्द ठरवली.