बैलाची ओढ आणि मोटेची धाव

गावाकडच्या जुन्या विहिरींच्या एका अंगाला अजून एक उतार दिसतो. विहिरीच्या काठाशी उंच, आणि बाहेरच्या बाजूला खाली खाली उतरत गेलेला. त्यावर आता कुणी शेणी वाळत घालतं, कुठं बाभळी माजल्यात. ही मोटेची धाव. हिच्यावरून बैल खाली चालत जायचे आणि विहिरीतली मोट, म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, वर ओढायचे. बैलांना चालायला सोपं जावं म्हणून उतार केला असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पुढं एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा कळलं की तो उतार म्हणजे विहिरीला जुंपलेला तिसरा बैलच आहे.

हिशेब बैलापासून सुरू करू. साधारण ४०० किलो वजनाचा बैल दिवसभर काम करायचं असेल, तर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ लावू शकतो. म्हणजे ४० किलो. चाल ताशी तीनेक किलोमीटर. अश्वशक्तीत मोजलं तर हे अर्ध्या अश्वशक्तीलाही थोडं कमीच भरतं. चिखलात गाडी रुतली की तोच बैल याच्या दुपटी-तिपटीनं जोर लावतो, पण तो घटकाभर. दिवसाच्या कामाला आकडा चाळिसाचा. जोडी धरली तर ८० किलो. ट्रॅक्टर येण्याआधीचं सगळं शेत या ८० किलोंत बसवायचं होतं.

आता मोट बघू. कातड्याच्या मोटेत दीडशे लिटर पाणी धरलं, तर पाण्याचंच वजन १५० किलो. त्यात भिजलेलं कातडं, दोर आणि चाकाचं घर्षण मिळवलं की ओढ १९० किलोंच्या आसपास जाते. सपाटीवर जोडीला हे दिवसभर झेपायचं नाही. पण धावेला दर आठ फुटांना एक फूट उतार दिला, तर ८०० किलोंच्या जोडीचं वजनच उताराच्या दिशेनं १०० किलोंनी ओढू लागतं. बैलांच्या अंगावर उरले ९०. शिवाय मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसून खाली येतो, त्याचंही वजन थोडं कामी येतं. गणित जवळजवळ जुळलं!

अर्थात फुकट काही मिळत नाही. खाली येताना वापरलेली उंची बैलांना परत चढावी लागते, आणि बैल ती उलट्या पावली, मागं मागं सरत चढतात. पण तेव्हा मोट रिकामी असते. म्हणजे एका दमात न झेपणारं काम धाव दोन हप्त्यांत वाटून देते: जाताना पाणी उचला, येताना स्वतःला.

मोटेची सोंड, म्हणजे तिच्या बुडाची कातडी नळी, तर मला याहून हुशार वाटते. मोटेला दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून मोटेच्या तोंडाला, आणि बारीक सौंदर विहिरीच्या काठालगतच्या रुळावरून सोंडेच्या टोकाला. दोन्ही जुवाला बांधलेले. विहिरीत असताना सोंड वर दुमडलेली राहते, तिचं टोक तोंडाच्या पातळीत, त्यामुळं पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सौंदर सोंडेला आडवी बाहेर खेचतो आणि नाडा मोटेला आणखी वर नेतो. सोंड खाली, मोट वर. पाणी आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात पडतं आणि पाटानं मळ्यात जातं. मोट रिती करायला काठावर दुसरा माणूस लागत नाही. दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर चालणारं हे यंत्र आहे, त्यात एकही झडप नाही.

तरी पाणी किती निघायचं? एका खेपेला दीड मिनिट धरलं तर तासाला चाळीस खेपा, म्हणजे ६,००० लिटर. एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं. चौतीस तासांची मोट, म्हणजे पाच-सहा दिवस. पाळी संपते न संपते तोवर पहिला वाफा पुन्हा सुकायला लागलेला. एका मोटेवरची बागायत एक-दोन एकरांच्या पुढं सरकत नसे ती यामुळं.

नांगराचंही असंच. नांगराच्या दोन चरांत वीस सेंटिमीटरचं अंतर ठेवून एक एकर नांगरायचा तर बैलांना, आणि मागं रुमणं धरलेल्या माणसाला, वीस किलोमीटर चालावं लागतं. वळणं वेगळीच. ताशी तीन किलोमीटरनं सात तास होतात, म्हणून दिवसाकाठी एकरभर नांगरट झाली तर ती मोठीच.

त्यात दख्खनची काळी जमीन. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, पावसात पुन्हा सगळं फुगून मिटतं. जमीन आपली आपणच उलथत असते. त्यामुळं पूर्वी ती दरसाल नांगरत नसत. कुळवाच्या पाळ्या मात्र चुकत नसत. कुळवाची आडवी फास, म्हणजे लोखंडी पातं, चार-पाच सेंटिमीटर खोल चालते, पण दोन-अडीच फूट रुंद पट्टा कापत जाते, म्हणून एकराला पाच-सहा किलोमीटरच चालणं होतं. शिवाय वरचा भुसभुशीत थर भेगा बुजवतो आणि खालची ओल उडू देत नाही. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात ते याच कारणानं.

हरळी आणि कुंदा ही तणं मात्र कुळवाला दाद देत नाहीत. त्यांच्या मुळ्या खोल, तिथवर जायला नांगरच हवा. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. ही गोष्ट आपण अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यात बैलांचा हिशेबही दिसतो. जड मातीत कापलेल्या दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या वर ओढ लागते. २० सेंटिमीटर खोल आणि तेवढंच रुंद कापून माती उलथायची म्हटलं, की २०० किलो झालेच. सहा बैल हवेत. ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे, त्यानं काय करावं?

त्यानं इर्जिक घालावी. शेजारपाजारचे आपापले बैल घेऊन यायचे, एका दिवसात रान नांगरून द्यायचे आणि घरधन्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. ज्याच्याकडं एकच बैल, तो तसाच दुसरा एकबैल्या गाठून वारंगुळा करायचा. दोघांची मिळून जोडी, आळीपाळीनं दोघांची शेतं.

वारंगुळ्यात एक अडचण हटकून यायची. दोन घरचे बैल सारख्या ताकदीचे कुठले असायला! त्यावर उपाय जुवातच होता. जू ही तरफ आहे. दोन मानांमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि मधली गाठ बरोबर मध्यावर असेल, तर ओढ निम्मी निम्मी. तीच गाठ पाच सेंटिमीटर तगड्या बैलाकडं सरकवली, की त्याच्यावर ५३ टक्के येते आणि अशक्ताला ४७. तीन बोटांचा फरक, पण दिवसभराच्या वीस किलोमीटरांत तो बैलाच्या खांद्यावर उमटतो. गाठ कुठं बांधायची यावरून सकाळी सकाळी बांधावर जी बाचाबाची व्हायची, तिच्यात आपला बैल कमजोर आहे हे कबूल करायला दोघांपैकी एकही तयार नसे.